नोज कोन बसवताना: नव्यानं रॉकेट करणाऱ्यांसाठी

पहिलं रॉकेट करणारी मुलं नोज कोनचं, म्हणजे रॉकेटच्या डोक्यावरच्या टोपीचं, टोक घासण्यातच दिवस घालवतात. आम्हालाही सीनिअरांनी तेच सांगितलं होतं: टोक जितकं अणकुचीदार तितकं रॉकेट उंच. हे मनातून काढून टाका. अणकुचीदार टोकाचा फायदा ध्वनीच्या वेगाजवळ, सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास पोचल्यावर. आपली पुठ्ठ्याच्या नळीची रॉकेटं तिथवर जातच नाहीत. त्यांना गोलसर नोज कोन उत्तम. घासायचंच असेल तर फिनच्या, म्हणजे शेपटाकडच्या पंखांच्या, कडा घासा.

जीव लावायचा तो खांद्याला, म्हणजे नळीच्या आत बसणाऱ्या भागाला. मोटर, म्हणजे जळून रॉकेटला वर ढकलणारं नळकांडं, विझल्यावर काही सेकंदांनी तिच्यातला दारूचा छोटा चार्ज पेटतो, नळीत दाब वाढतो, नोज कोन सुटतो आणि त्याच्यामागोमाग पॅराशूट बाहेर येतं. खांदा घट्ट असेल तर नोज कोन सुटत नाही, रॉकेट डोक्यावर जमिनीत घुसतं. सैल असेल तर उलटा घोटाळा: मोटर विझताच हवा नळीला आणि फिनना जास्त अडवते, जड नोज कोन पुढे निसटतो, पॅराशूट भर वेगात उघडून फाटतं.

आपल्याकडे त्यात उन्हाची भर. जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, उन्हात उभ्या बंद गाडीत त्याहून कितीतरी वर. थ्रीडी प्रिंटरवर नोज कोन ज्याचा छापतात ते पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडतं. सकाळी घरी छान बसणारा खांदा मैदानावर लंबगोल झालेला असतो, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. म्हणून नोज कोन गाडीत ठेवू नका. बसतो कसा ते पॅराशूट भरून, उडवण्याच्या जागीच तपासा. रॉकेट उलटं धरल्यावर गळू नये, बोटांनी ओढल्यावर अडखळू नये. सैल वाटला तर मास्किंग टेपचा एक वेढा, घट्ट वाटला तर बारीक पॉलिश पेपर. घाईत फेविक्विकचा थेंब लावणाऱ्याचं मुळीच ऐकू नका. मला सागवानी लाकडाचा, लेथवर काढलेला नोज कोन जास्त भरवशाचा वाटतो. सुतारकाम करणारा माणूस खांद्याबद्दल जे शिकवतो ते प्रिंटरसाठी तयार फाइल पाठवणारा मार्गदर्शक शिकवत नाही.

वजनाचं थोडक्यात. गुरुत्वमध्य (रॉकेट बोटावर तोललं जातं तो बिंदू) दाबकेंद्राच्या (हवेचा दाब जिथे एकवटल्यासारखा लागतो तो बिंदू) पुढे, निदान नळीच्या एका व्यासाइतका हवा. दाबकेंद्र काढायची पद्धत जेम्स बॅरोमन यांनी १९६६ साली मांडली. ओपनरॉकेट हे मोफत सॉफ्टवेअर तेच गणित करून देतं. सुरुवातीला ते डोक्यावरून जातं, घाबरू नका, हळूहळू बसतं. गुरुत्वमध्य मागे पडत असेल तर टोकात आतून माती भरा, पण बेतानं. फार जड झालं की रॉकेट वारा येतो त्या बाजूला वळतं आणि उंची जाते.

मोटर मात्र घरी करायची नाही, फटाक्याची दारू काढून तर नाहीच. बोटं जातात. तयार मोटर, परवानगी आणि जाणकार शिक्षक सोबत असतील तरच मैदानावर जा, आणि कपाशीची सुकी पऱ्हाटी उभी असलेलं शेत टाळा, ती ठिणगीनं पेटते.