लिस्बनच्या खाद्यफेरीची तयारी : आधी वार, मग वाट

लिस्बन शहराचे खाणे मार्गदर्शक न घेता, स्वतः वाट आखून, पायी फिरत समजून घ्यायचे असेल, तर तयारीचा आरंभ नकाशावर खुणा करण्यापासून होतो. बहुतेकांची तयारी तिथेच संपते आणि गेल्या खेपेस माझीही तिथेच संपली होती. प्रत्येक खुणेशेजारी त्या ठिकाणाचा साप्ताहिक सुट्टीचा वार आणि तिथले स्वयंपाकघर चालू असण्याच्या वेळा लिहिल्या नसतील, तर ती खूण निरुपयोगी आहे. पारपत्र, छत्री, मोबाइलचा चार्जर यांची आठवण कोणीही करून देईल. ही एक गोष्ट मात्र कोणी सांगत नाही, म्हणून ती पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

लिस्बनमधल्या छोट्या खानावळींना ताश्का म्हणतात. त्यांतल्या अनेक घरच्याच माणसांच्या बळावर चालतात, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी रविवार बंद असतो आणि काही ठिकाणी सोमवारही. आल्मिरांते रैश रस्त्यावरचे १९५६ पासूनचे ‘रामिरो’ हे शिंपले-कोळंब्यांसाठी प्रसिद्ध असलेले उपाहारगृह सोमवारी बंद असते. बाजारातले मासळीचे ठेलेही सोमवारी बहुतांशी ओस असतात, कारण रविवारी मासेमारी थंडावलेली असते. तेव्हा फेरीसाठी मंगळवार ते शुक्रवार यांपैकीच दिवस धरावा आणि तो विमानाचे तिकीट काढतानाच धरावा, तिथे पोहोचल्यावर नव्हे. वारासोबत तारीखही पाहावी. २५ एप्रिल, १ मे आणि १० जून या राष्ट्रीय सुट्ट्या आहेत, तर १३ जून हा संत अँथनीचा दिवस लिस्बन शहराची स्वतःची सुट्टी असतो. त्याच्या आदल्या रात्री आल्फामा आणि मोरारिया या जुन्या वस्त्यांच्या गल्ल्यांत निखाऱ्यांवर सार्डिन भाजले जातात. तेच खायचे असेल तर ती रात्र मुद्दाम साधावी, पण त्या गर्दीत बाकीची फेरी होत नाही. ऑगस्टमध्ये अनेक मालक दुकानाला कुलूप लावून गावी जातात. दारावर ‘फेरियश’, म्हणजे सुट्टी, अशी चिठ्ठी दिसली, तर ते दोन तासांत उघडेल या आशेवर थांबू नये.

वारानंतर वेळ. ताश्काचे स्वयंपाकघर साधारणपणे दुपारी १२ ते ३ आणि संध्याकाळी ७ ते १० चालू असते. मधल्या चार तासांत दार उघडे दिसले तरी चूल विझलेली असते. सुट्टीच्या दिवशी साडेतीनला जेवायला बसणाऱ्या आपल्या लोकांनी हे वाक्य दोनदा वाचावे. दुपारचे जेवण साडेबारालाच घ्यावे. त्या वेळी ‘प्रातु दु दिया’, म्हणजे त्या दिवसाची खास थाळी, ताजी मिळते आणि उशिरा गेल्यास ती संपलेली असते. मधल्या रिकाम्या वेळेत कॉफी, पेस्ट्री आणि दुकाने पाहावीत.

आता वाट. कायश दु सोद्रे येथील रिबेरा बाजारापासून सकाळी सुरुवात करावी. या इमारतीच्या अर्ध्या भागात २०१४ पासून नामांकित उपाहारगृहांचे ठेले आहेत आणि ते रात्री उशिरापर्यंत चालतात. पण खरा भाजी-मासळीचा बाजार उरलेल्या अर्ध्या भागात भरतो आणि दुपारपर्यंत आटोपतो. दुपारी गेलेल्या माणसाला फक्त पहिला भाग दिसतो आणि तोच लिस्बनचा बाजार असे समजून तो परततो, याचे मला फार वाईट वाटते. तिथून आर्सेनाल रस्त्याने पूर्वेकडे चालताना खारवलेल्या कॉड माशाची, म्हणजे बाकाल्यावची, दुकाने लागतात. फळ्यांसारखे ताठ वाळलेले हे मासे नॉर्वे-आइसलँडकडच्या थंड समुद्रातून येतात आणि शिजवण्याआधी दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ पाण्यात भिजवून त्यांचे मीठ काढावे लागते. पुढे कॉमर्स चौक ओलांडला की बाकाल्योएरुश रस्त्यावर १९३० मध्ये स्थापन झालेले ‘कोन्सेर्वैरा द लिझबोआ’ हे डबाबंद मासळीचे दुकान आहे. वार पाहिला ना? मग उत्तरेला वळून फिगैरा चौकातल्या ‘कोन्फैतारिया नासिओनाल’ या १८२९ पासूनच्या मिठाईच्या दुकानात जावे. जवळच साऊँ दोमिंगुश चौकात १८४० पासून आंबट चेरीचे मद्य छोट्या पेल्यातून उभ्या उभ्या देणारे ‘आ जिंजिन्या’ आहे. तिथून मोरारिया आणि रामिरो चालत गाठता येतात. सगळी वाट जवळजवळ सपाट आहे आणि सात टेकड्यांच्या या शहरात ते मोलाचे आहे. बेलेमचे १८३७ पासूनचे पाश्तेलचे, म्हणजे अंड्याच्या कस्टर्डच्या छोट्या पेस्ट्रीचे, दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. ते या फेरीत कोंबू नये. १५ई क्रमांकाच्या ट्रामने वेगळ्या सकाळी जावे.

पोट हेही साधन आहे आणि ते जपून वापरावे लागते. ताश्कामधला पूर्ण वाढप अनेकदा दोघांना पुरतो, म्हणून ‘मेया दोझ’, म्हणजे अर्धा वाढप, मागावा. बसताच टेबलावर येणारे पाव, ऑलिव्ह आणि चीज फुकट नसतात. नको असल्यास हात न लावता परत पाठवावेत, म्हणजे त्यांचे पैसे लागत नाहीत आणि त्यात कोणाला अपमानही वाटत नाही.

शाकाहारी मंडळींनी अधिक तयारी करावी. ‘काल्दु वेर्दे’ हे हिरव्या पाल्याचे सूप निरुपद्रवी दिसते, पण त्यात डुकराच्या सॉसेजची चकती असते. बटाट्याच्या वड्यासारखा दिसणारा ‘पाश्तेल द बाकाल्याव’ माशाचा असतो. कॉफीच्या दुकानांत काचेमागे ठेवलेली ‘शामूसा’ म्हणजे आपला समोसाच आहे. गोव्याच्या आणि मोझांबिकच्या लोकांबरोबर तो लिस्बनमध्ये आला आणि तिथलाच होऊन गेला, मात्र त्यात बहुधा खिमा असतो. १९६१ नंतर गोव्यातून आणि १९७५ च्या सुमारास मोझांबिकमधून आलेल्या गोवेकर कुटुंबांमुळे शहरात गोव्याच्या जेवणाची उपाहारगृहेही आहेत. मराठी माणसाने त्यांपैकी एक तरी यादीत घ्यावेच, कारण शाकुती आणि बेबिंका इतक्या दूर कशी टिकली हे तिथेच चाखता येते. ही उपाहारगृहे लहान असतात, तेव्हा जाण्यापूर्वी फोन करून ती त्या वारी उघडी आहेत का, हे विचारावे. संकेतस्थळावरील वेळांवर विसंबू नये.

रोख युरो जवळ ठेवावेत; काही छोट्या ठिकाणी परदेशी कार्ड चालत नाही. बूट रबरी तळव्याचे हवेत, कारण चुनखडीच्या गुळगुळीत फरसबंदीवर पावसात पाय सरकतो. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटली भरून घ्यावी. २८ क्रमांकाच्या ट्राममध्ये पाकीट सांभाळावे. रामिरोला संध्याकाळी रांग असते, लवकर जावे. माशांचे डबे विकत घेतले असतील तर ते परतताना चेक-इनच्या सामानात ठेवावेत, कारण त्यातल्या तेलावरून सुरक्षा तपासणीत हरकत येऊ शकते.