शेवग्याच्या खोडावर सुरवंटांचा घोळका दिसला तर दिवसाच उरका

पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर तपकिरी केसाळ अळ्यांचा जाड थर बसलेला दिसतो आणि लोकं घाबरून झाडच तोडायला निघतात. झाड अजिबात तोडू नका. या अळ्या अशा एका जागी का बसतात ते कळलं की बंदोबस्त सोपा होतो.

रात्री त्या वर चढून पाला खातात आणि दिवसा खोडावर एकमेकींना चिकटून बसतात, कारण दिवसा पक्षी फिरत असतात आणि एकटी अळी सापडली तर संपलीच, पण शेकड्यात बसलं की नेमकी आपलीच पाळी यायची शक्यता खूप कमी होते. वर सगळ्यांचे केस एकत्र, मग चोच मारायची कुठे? एकदा तोंड पोळलेला पक्षी पुढच्या वेळी असा घोळका लांबूनच ओळखतो. पावशा आणि चातक मात्र केसाळ अळ्या खातात, म्हणून बांधावरची मोठी झाडं ठेवाच.

पक्ष्यांना अडवणारा हा घोळका आपल्याला मात्र सोयीचा, सगळ्या अळ्या हाताच्या अंतरावर एकत्र मिळतात. दिवसाउजेडी पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, चष्मा घालून जा, साबणाचं पाणी जोरात फवारा आणि लांब काठीने खरवडून साबणाच्या पाण्याच्या बादलीत पाडा. उघड्या हाताने मेलेली अळीसुद्धा उचलू नका, केसांनी भयंकर खाज सुटते, पोरांना तर लांबच ठेवा. पलिता लावून जाळायची पद्धत आहे पण साल भाजते, मला ती पटत नाही. पानांवर अंड्यांचे पुंजके दिसले तर तेव्हाच काढा, अळ्या बारीक असतील तर 5 टक्के निंबोळी अर्क मारा. शेवग्याचा पाला, फुलं, शेंगा सगळंच आपण खातो, त्यामुळे जहाल औषध नकोच.

सोयाबीनवाल्यांनो, तुमच्याकडची ‘तंबाखूची पानं खाणारी अळी’ (नाव तंबाखूचं, पण सोयाबीनही खाते) फक्त लहानपणीच घोळक्यात राहते. पानाचा हिरवा भाग खरवडून पान जाळीसारखं झालं असेल तर उलटून बघा, खाली अळ्या असतील तर पानासकट तोडून नष्ट करा, कारण थोडी मोठी झाली की ती शेतभर पांगते, दिवसा मातीत लपते आणि मग हाताने वेचणं जमत नाही.