पॅडच्या जाहिराती पोरींसोबत कशा पाहाव्यात

हे सत्र आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आसपास घ्या. लेकी माहेरी आलेल्या असतात, आई, मावशी, भाच्या एकाच ओट्यावर सापडतात. बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कुरडयांचं काम चालू असल्यामुळे ‘पाळीत पापडाला हात लावू नको’ हेही घराघरात ऐकू येत असतं. पण सुरुवात तिथून करू नका. ‘तुमच्या घरी पाळतात का?’ असं पहिल्याच दमात विचारलं की पोरी गप्प होतात आणि आयांना आपल्यावर बोट ठेवल्यासारखं वाटतं. जाहिरात परक्याची असते, तिच्यावर सगळ्या मोकळेपणी बोलतात. दहा-पंधरा जणी आणि दीड तास पुरे. अहिराणीत बोलू द्या.

तीन जाहिराती मोबाइलवर आधीच उतरवून ठेवा. पहिल्यांदा आवाज बंद करून दाखवा. कोण दिसतं, कुठे दिसतं, काय घातलंय, डाग पडला तर ती कोणाला घाबरते, एवढंच विचारा. मग आवाजासह दाखवा आणि ‘ते दिवस’ किंवा ‘टेन्शन’ किती वेळा येतं आणि ‘रक्त’ किती वेळा, ते मोजायला सांगा. कागदावर दोन रकाने करा: दिसतं आणि दिसत नाही. दुसरा रकाना लवकर भरतो. कापूस वेचणारी बाई, शेतात आडोसा नसणं, पोटात कळ, वापरलेला पॅड टाकायचा कुठे. सत्र घेणाऱ्या ताईनेच ‘ते दिवस’ म्हटलं तर सगळी मेहनत वाया जाते. पाळी, रक्त, योनी हे शब्द सरळ वापरा.

जाहिरातीत रक्ताऐवजी पॅडवर निळं पाणी ओततात. आता त्या निळ्या पाण्याची परीक्षा. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे तीन पॅड, सुई नसलेली 10 मिलीची सिरिंज, टिश्यू पेपर आणि एक किलोची साखरेची पिशवी लागेल. तीन द्रव तयार करा:

- साधं पाणी, निळा खायचा रंग.
- अर्धा लिटर पाण्यात सपाट चमच्याला थोडं कमी मीठ (सुमारे 4.5 ग्रॅम), लाल रंग. रक्तातला खारटपणा साधारण एवढाच असतो.
- त्याच खारट पाण्यातलं 200 मिली, त्यात अर्धा चमचा कॉर्नफ्लोअर गार असतानाच मिसळून उकळा आणि पूर्ण थंड करा. बोटाला किंचित चिकट लागलं पाहिजे.

प्रत्येक पॅडच्या मधोमध 10 मिली सोडा, पण 40 सेकंदांत, थेंबाथेंबाने. इथेच बहुतेकांचं चुकतं: सगळं एकदम ओतलं की बाजूने वाहतं आणि पोरी म्हणतात पॅडच वाईट. आयएस 5405 या पॅडसाठीच्या भारतीय मानकाच्या 1980 च्या आवृत्तीतही वेग मिनिटाला 15 मिलीच होता. 30 मिली सोडून खालून किंवा बाजूने गळता कामा नये, अशी अट. मिनिटभर थांबून टिश्यू ठेवा, वर पिशवी, आणखी एक मिनिट. तिन्ही कागद शेजारी मांडा. निळं पाणी चटकन आत जातं. घट्ट लाल द्रव वर रेंगाळतो आणि कागद जास्त ओला करतो.

कारण पॅडमधल्या कणांत आहे. सोडियम पॉलिअॅक्रिलेट साधं पाणी शेकडो पट ओढून जेली बनवतं. मीठ आलं की ती ताकद एकदम घटते. रक्तात मिठासोबत प्रथिनं आणि पेशीही असतात, त्यामुळे ते सावकाश मुरतं. कण वेगळे दाखवायचे असतील तर लहान बाळाचा डायपर कापा, त्यात ते जास्त असतात. कण डोळ्यांत जाऊ देऊ नका, मोरीत टाकू नका, तुंबते.

यातून पॅड निरुपयोगी ठरत नाही, हे लगेच सांगा. संपूर्ण पाळीत सरासरी 30 ते 40 मिली रक्त जातं. 80 मिलीच्या वर गेलं तर ते जास्त. तरी पॅड चार ते सहा तासांनी बदलायचा, कारण मे महिन्यातल्या जळगाव-धुळ्याच्या उन्हात घाम आणि प्लास्टिकच्या घर्षणाने मांड्या सोलतात. दर तास-दोन तासांनी पॅड भिजत असेल तर डॉक्टरकडे जायचं.

‘खास जागेच्या’ वॉशच्या जाहिराती याच सत्रात घ्या. 2012 मध्ये आपल्याकडे अशा वॉशची जाहिरात तिथली त्वचा उजळवण्याचं आश्वासन देत होती. योनी आतून स्वतःच स्वच्छ राहते. तिचा पीएच (आम्लता मोजायचं माप) साधारण 3.8 ते 4.5 असतो आणि साबणाने तो बिघडतो. बाहेरून साधं पाणी पुरतं. आम्हाला या जाहिराती निळ्या पाण्यापेक्षा घातक वाटतात, कारण त्या निरोगी शरीराला दोष ठरवतात.

चांगली उदाहरणंही दाखवा. 2020 मध्ये रिओ पॅडच्या जाहिरातीत राधिका आपटे होती आणि द्रव लाल होता. व्हिस्परच्या लोणच्याला हात लावण्याच्या मोहिमेला 2015 मध्ये कान लायन्स या जाहिरातींच्या महोत्सवात ग्लास लायन ग्रांप्री मिळाली. लोणच्यावरून बिबड्यांवर यायला आता हरकत नाही. हा प्रश्न आयाच काढतात, तुम्ही गप्प बसा.

एखादी जाहिरात खटकली तर अॅस्कीकडे (जाहिरातींवर लक्ष ठेवणारी भारतातली संस्था) तक्रार करता येते. जून 2022 पासून त्यांच्याकडे स्त्री-पुरुषांच्या साचेबद्ध चित्रणाबद्दल नियम आहेत. वाहिनी, तारीख, वेळ, उत्पादन आणि नेमकं वाक्य त्याच दिवशी लिहून ठेवा. ‘जाहिरात घाणेरडी आहे’ एवढ्यावर काही होत नाही. कोणता दावा खोटा किंवा कोणतं दृश्य अपमानकारक, ते सांगावं लागतं.