चार सेकंदांचे आबा

ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला आम्हाला रोटोस्कोपचं काम दिलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं. व्हिडिओतली एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, कागदाखाली ठेवायची आणि गिरवायची. पहिलीत पाटीवर 'अ' गिरवला तसंच, त्यात अवघड काय? मी गणपतीच्या मिरवणुकीतला लेझमाचा वीस सेकंदांचा व्हिडिओ निवडला आणि नवव्या चित्राला हात टेकले. संध्याकाळचा उजेड, धक्के खात काढलेलं शूटिंग, मागे गर्दी. काही फ्रेममध्ये तर लेझीम दिसतच नव्हतं, नुसता करडा फराटा होता. फराटा कसा गिरवणार?

म्हणून सुरुवात करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं क्लिपबद्दलच असतं. तीन ते पाच सेकंद, एकच माणूस, मोबाईल स्टँडवर घट्ट, आणि शरीराचा थोडाच भाग हलणारा. मला अशी क्लिप घरीच सापडली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आबा जेवण झालं की ओट्यावर बसून अडकित्त्याने सुपारी कातरतात. धड स्थिर, चालतात ती फक्त बोटं. शूटिंग भर दुपारी केलं. उजेड भरपूर असला की प्रत्येक फ्रेम कमी वेळात टिपली जाते आणि हलणारा हात फराटत नाही. उजेड कमी पडला की काही मोबाईल सेकंदाच्या फ्रेमही आपोआप कमी करतात, आणि पुढचं सगळं गणित बिघडतं.

आबांचा सदरा पांढरा, भिंतही चुन्याची पांढरी. मागे काळी घोंगडी टांगली, तेव्हा कुठे खांद्याची कड दिसायला लागली. रोटोस्कोपची युक्ती काढणाऱ्या मॅक्स फ्लायशरने (पेटंटसाठी अर्ज 1915चा, पेटंट मिळालं 1917 साली) आपल्या भावाला, डेव्हला, विदूषकाचा वेश घालून कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. मग त्या फिल्मची एकेक चौकट धुरकट काचेवर पाडून त्याने ती कागदावर उतरवली. विदूषकच का, हे मला घोंगडी टांगताना पटलं. ढगळ अंगरखा, मोठमोठ्या गुंड्या, टोकदार टोपी. गिरवणाऱ्याला नेमकं धरायला काहीतरी मिळतं.

आता फ्रेमचं गणित, कारण नव्या मुलांचा गोंधळ मी इथेच सगळ्यात जास्त पाहिलाय. सिनेमाचा वेग सेकंदाला 24 फ्रेमचा, आणि हाताने काढणारे बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम धरतात, म्हणजे सेकंदाला 12 चित्रं. हे ऐकून सगळे 12चाच आग्रह धरतात. पण मोबाईलचं शूटिंग बहुधा 30चं असतं आणि 30ला 12ने नीट भाग जात नाही. कधी दुसरी फ्रेम घ्यावी लागते, कधी तिसरी, आणि हालचाल अडखळते. मी सरळ दर तिसरी फ्रेम घेतली. सेकंदाला 10 चित्रं, चार सेकंदांची 40. शेवटी जोडताना प्रत्येक चित्र तीन फ्रेम धरलं की आबांचा मूळ वेग जसाच्या तसा परत मिळतो. फ्रेम वेगळ्या करायला डाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती पुरते. फक्त क्लिप टाकण्याआधी टाइमलाइनचा फ्रेम रेट 30 करून ठेवा, नंतर तो बदलू देत नाही.

पण 'दर तिसरी' हा नियम डोळे मिटून पाळू नका. सुपारी तुटते तो क्षण जेमतेम एका फ्रेमचा होता आणि तो नेमका माझ्या वगळलेल्या फ्रेममध्ये गेला होता. बोटं आवळलेली आणि लगेच सैल, मधला 'कट्' गायब. म्हणून तिथली एक फ्रेम शेजारच्या फ्रेमने बदलली. जिथे काही आदळतं, तुटतं किंवा टेकतं, ती फ्रेम आधी शोधून ठेवायची आणि बाकीच्या तिच्या अवतीभवती बसवायच्या.

कागदावर करायचं ठरवलंत तर प्रिंटआऊट फिके काढा, नाहीतर आपली रेघ कुठली आणि फोटोतली कुठली ते कळत नाही. माझे 40 कागद कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात दोन हप्त्यांत निघाले. दुसऱ्या दिवशी तिथे वेगळा मुलगा होता, त्याने 'कागदाला बसेल असं' हे बटण चालू ठेवलं, आणि एकविसाव्या चित्रापासून आबा अचानक बोटभर लहान झाले. ते वीस कागद पुन्हा काढावे लागले. सगळे एकाच बैठकीत काढा.

तरीही प्रत्येक कागद मशीनमधून मिलिमीटर-दोन मिलिमीटर सरकून निघतो. म्हणून प्रिंट काढण्याआधीच प्रत्येक फ्रेमच्या चारी कोपऱ्यांत अधिकची (+) खूण टाकायची. कागद उजेडावर धरून खुणा एकमेकींवर बसवायच्या आणि मगच पंचिंग मशीनने भोकं पाडायची. आधी भोकं आणि मग जुळवाजुळव, असं केलंत तर आबा चार सेकंद भूकंपात बसलेले दिसतील. कोऱ्या कागदांना तशीच भोकं, आणि पुठ्ठ्याच्या पट्टीवर भोकांत घट्ट बसतील अशा दोन काड्या चिकटवायच्या. माझी लाइटबॉक्स म्हणजे दोन विटांवर ठेवलेली खिडकीची जुनी काच आणि खाली एलईडीची पट्टी. काचेच्या कडांना चिकटपट्टी लावा, मी बोट कापून घेतल्यावर लावली.

कॉम्प्युटरवर करणाऱ्यांना क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर चांगलं. मात्र ते सगळ्या फ्रेम मेमरीत भरतं, तेव्हा क्लिप आधीच कापून न्या.

मग प्रत्यक्ष काढणं. पहिल्या कागदावर मी दिसेल ती रेघ काढली. कपाळावरच्या आठ्या, सदऱ्याच्या चुण्या, हातावरच्या शिरा. दुसऱ्या कागदावर आठ्या सातच्या पाच झाल्या, तिसऱ्यावर चुण्यांनी जागा बदलली. दहा चित्रं ओळीने पाहिली तर आबांच्या तोंडावरून मुंग्या चालल्यासारखं दिसत होतं. दहाही कागद टाकून दिले आणि एक यादी केली: चष्मा, मिशीची खालची कड, दोनच आठ्या, कॉलर, अंगठ्याचं नख, अडकित्त्याची दोन पाती. प्रत्येक चित्रात एवढंच येणार, फोटोत दुसरं काहीही दिसो. ही यादी करायलाच मला एक अख्खी संध्याकाळ लागली, आणि या कामातलं चित्रकाराचं डोकं लागतं ते इथे. बाकी मनगटाची मेहनत.

एकपासून चाळीसपर्यंत ओळीने जाऊ नका. आधी पहिलं, तुटण्याचं आणि शेवटचं चित्र, मग मधली. ओळीने गेलं की हात शिकत जातो आणि पहिले आबा व शेवटचे आबा दोन वेगळी माणसं वाटतात. दुसरं, मागच्या चित्रावरून पुढचं गिरवू नका. मागचं चित्र बोटांत धरून उलटसुलट करत बघायचं, पण रेघ फोटोवरूनच घ्यायची. नकलेची नक्कल केली की नाक हळूहळू लांब होत जातं.

आणि आबांचं धड हलतच नव्हतं, तर ते चाळीस वेळा का काढायचं? पण एकच चित्र ठेवलं तर ते पुतळ्यासारखं थिजतं आणि हात परक्याचे वाटतात. मी धड तीनदा काढलं आणि तीच तीन चित्रं फिरवत ठेवली. रेघ किंचित थरथरते, माणूस श्वास घेतोय असं वाटतं. या थरथरीला आमच्यात 'बॉइल' म्हणतात. हात मात्र चाळीसही वेळा काढले.

चित्रांचे फोटो वरून काढताना मोबाईलचा एक्स्पोजर (उजेडाचं माप) लॉक करा, नाहीतर सगळं लुकलुकतं. फाइलींना 001, 002 अशी नावं द्या, नुसते 1, 2 दिले की काही ठिकाणी 1 नंतर 10 येतं.

एक नोकरीपुरतं. मुंबई-पुण्यात किंवा हैदराबादला 'रोटो आर्टिस्ट हवेत' अशी जाहिरात दिसली तर ते काम हे नव्हे. व्हीएफएक्समध्ये, म्हणजे सिनेमातल्या कॉम्प्युटरवर केलेल्या करामतींच्या कामात, रोटो म्हणजे दृश्यातल्या माणसाची कड फ्रेममागून फ्रेम आखून त्याला पार्श्वभूमीपासून वेगळं काढणं. तिथे रेघ कोणालाच दिसत नाही, दिसली तर चूक. चिकाटी मात्र तीच लागते. माझ्या पहिल्या मुलाखतीत या चाळीस कागदांचा गठ्ठा बराच वेळ चाळला गेला.

'कट्'चा आवाज मी वेगळा ध्वनिमुद्रित करून तुटण्याच्या चित्राखाली बसवला आणि सुट्टीत आबांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी तीनदा पाहिलं. चष्मा पुसून चौथ्यांदा पाहिलं.

"अगं, पण सुपारी कुठाय? नुसताच अडकित्ता वाजवतोय की मी!"

यादीत सुपारी नव्हती. बोटांआड जेमतेम दिसते म्हणून मी ती लिहिलीच नव्हती. त्या रात्री ओट्यावरच काच मांडली आणि एक खांड, नऊ चित्रांत, नव्याने काढलं.