माजी विद्यार्थ्यांचा टेनिसचा मोसम: आधी नेटचं हँडल शोधा

शाळेच्या कोर्टवर माजी विद्यार्थ्यांचे सामने घ्यायचे ठरले की पहिली चर्चा ट्रॉफीची आणि टी-शर्टच्या रंगाची होते. ते सगळं नंतर. नेट ताणायच्या चरखीचं हँडल कुठे आहे, ते आधी बघा. गेल्या मोसमात बाकी सगळी तयारी होती, यादीत फक्त हीच वस्तू नव्हती, आणि लोंबत्या नेटवर झालेले पहिल्या दिवसाचे निकाल रद्द करावे लागले.

तारखा गणपतीतच ठरवा. चाकरमानी त्याच दिवसांत घरी असतात, जोड्या समोरासमोर बसून ठरतात आणि वर्गणीही हातोहात गोळा होते. नंतर फोनवर ‘बघतो, कळवतो’ यापलीकडे काही मिळत नाही. कोकणात टेनिसला जेमतेम तीन महिने मिळतात. पाऊस ऑक्टोबरात ओसरतो, कोर्ट वाळून दाबून तयार व्हायला नोव्हेंबर उजाडतो. फेब्रुवारीत बोर्डाच्या परीक्षा येतात, शाळा केंद्र असेल तर मैदान बंदच समजा. पुढे शिमगा, मग आंब्याची काढणी. बागायतदार मंडळी तेव्हा कोणाला सापडणार? म्हणून अंतिम सामना जानेवारीतच उरका. मुंबईहून येणाऱ्यांसाठी शनिवार-रविवार धरा आणि ते वार दोन महिन्यांहून आधी जाहीर करा, कारण रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. कोकणकन्या किंवा तुतारीचं तिकीट मिळालं नाही की जोडी फुटलीच.

मुख्याध्यापकांची परवानगी लेखी घ्या आणि त्या पत्रात स्नेहसंमेलनाचा मंडप कोर्टवर घालू नये, असं स्पष्ट लिहून घ्या. डिसेंबरात मंडपवाला पहारीने खड्डे पाडून खांब पुरतो. ते खड्डे बुजवता येतात, पण भरलेली जागा पुढे दबत राहते आणि चेंडू नेमका तिथेच मेल्यासारखा पडतो.

कोर्ट जांभ्याच्या मुरमाचं असेल तर गवत मुळासकट काढा. वरून कापलेलं आठवड्यात परत येतं. चाळलेला बारीक मुरूम पसरा, संध्याकाळी पाणी मारा आणि दुसऱ्या दिवशी ओल आत मुरल्यावर रूळ फिरवा. पाणी वर दिसत असताना रूळ फिरवला तर माती त्याला चिकटून खपल्या निघतात. पार कोरडी झाल्यावर फिरवला तर नुसती धूळ उडते. मूठभर माती दाबून पाहा. गोळा व्हावा, पण हाताला चिकटू नये. सिमेंटच्या कोर्टवर काम वेगळं: चार महिन्यांचं शेवाळ तारेच्या ब्रशने घासून काढा, ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने धुवा. ‘उन्हाने जाईल’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. वाळलेलं शेवाळ सकाळच्या दवाने पुन्हा निसरडं होतं, आणि पन्नाशीतला माणूस त्यावर घसरला तर मनगट किंवा खुबा मोडतो.

आखणी फक्कीने करा, कळीच्या चुन्याने नको, डोळ्यांत गेला तर भाजतो. कोर्ट ७८ फूट लांब, दुहेरीसाठी ३६ फूट रुंद, एकेरीसाठी २७. सर्व्हिसची रेघ नेटपासून २१ फुटांवर. काटकोन नजरेने जुळवू नका. नेटच्या रेषेपासून बेसलाइनपर्यंतच्या (म्हणजे मागच्या रेघेपर्यंतच्या) ३९ बाय ३६ फुटांच्या अर्ध्या कोर्टचा कर्ण ५३ फूट १ इंच भरला पाहिजे. दोन्ही कर्ण मोजा.

आता हँडल. चरखीचं हँडल निघणारं असतं, पोरांनी उगाच फिरवू नये म्हणून, आणि म्हणूनच ते हरवतं. क्रीडासाहित्याच्या खोलीत, शिपायाच्या कपाटात, जुन्या लेझिमांच्या पेटीत, सगळीकडे शोधा आणि सापडलं की चरखीवर बसवून फिरवून बघा. नुसतं ‘आहे’ या उत्तरावर थांबू नका. खाऱ्या हवेत पावसाळाभर पडलेली चरखी गंजून बसते. रॉकेल किंवा गंज सोडवायचं तेल घालून रात्रभर ठेवा, सकाळी हळूहळू मागेपुढे करत सोडवा, मग ग्रीस भरा. हँडल नाही म्हणून पकडीने फिरवायला जाऊ नका. हँडल बसतं त्या चौकोनी टोकाचे कोपरे पकडीने गोल होतात आणि मग कुठलंच हँडल तिथे धरत नाही, अख्खी चरखी बदलावी लागते. सुटी चरखी बाहेरून मागवावी लागली तर दोन शनिवार-रविवार वाया गेले समजा. त्यापेक्षा त्या चौकोनाचं माप घ्या आणि लेथवाल्याकडून दुसरं हँडल आत्ताच करून ठेवा. एक शाळेत, एक संयोजकाच्या घरी. दोन्ही एकाच खोलीत ठेवली तर दुसरं करण्यात काय अर्थ?

नेटची तारही तपासा. वरचं प्लास्टिक जिथे तडकलंय तिथे आत गंज असतो. एक जरी पदर तुटलेला दिसला तरी तार बदला, आणि ताणताना कोणालाही तिच्या रेषेत उभं राहू देऊ नका. ताणायचा क्रम असा: मधला पट्टा सैल करा, हँडलने तार ताणत जा, मध्यभागी नेट तीन फुटांच्या किंचित वर आलं की थांबा, मग पट्ट्याने खाली ओढून बरोबर तीन फूट करा. खांबांपाशी उंची साडेतीन फूट. दुहेरीच्या नेटवर एकेरी खेळवायची असेल तर एकेरीच्या रेषेबाहेर तीन फुटांवर साडेतीन फुटी काठ्या लावा, नाहीतर कडेला नेट कमी उंच मिळतं. उभी रॅकेट आणि तिच्यावर आडवी रॅकेट ही मापाची जुनी रीत लाकडी रॅकेटची होती. हल्लीच्या रॅकेटचा चेहरा रुंद, माप जास्त भरतं. टेप वापरा. दिवसभरात तार सैल पडते, दर सामन्याआधी मध्यभागी मोजा आणि कमी भरलं तर पुन्हा ताणा. म्हणजे हँडल दिवसभर कोर्टवर हवं. खिशात घालून जेवायला गेलेल्या माणसाच्या खिशात नाही, पंचाच्या खुर्चीला दोरीने बांधलेलं.

चेंडू. आठ जोड्यांचे चार-चारचे दोन गट केले तर गटाचे १२, उपांत्य दोन आणि अंतिम एक, असे १५ सामने होतात. सामन्याला तीन चेंडूंचा एक डबा धरा, वर तीन-चार डबे जादा. डबा सामन्याच्या वेळीच फोडा. फोडलेल्या डब्यातल्या चेंडूंचा आतला दाब दिवसागणिक उतरतो आणि आपल्या दमट हवेत वरची लोकर ओल धरून जड होते. शंका आली तर १०० इंचांवरून सिमेंटवर सोडा, ५३ ते ५८ इंच उसळला पाहिजे. गाडीच्या डिकीत डबे ठेवू नका.

सामना एकाच सेटचा, दोनच्या फरकाने आठ गेम जिंकायचे, ८-८ झाल्यास टायब्रेक, म्हणजे निकाल लावणारा एक शेवटचा गेम. तीन सेट खेळवायचा हट्ट कोणीतरी धरणारच, नाही म्हणा. डिसेंबरात सहा वाजून गेले की उजेड जातो, एका कोर्टवर चारनंतर दोनच सामने नीट होतात. जोडीतल्या दोघांच्या वयाची बेरीज ९० किंवा त्याहून जास्त, अशी अट ठेवलीत तर कालपरवा दहावी झालेली पोरं आणि साठीतले लोक एकाच गटात अडकत नाहीत. १५ मिनिटं उशीर झाला तर समोरच्या जोडीला पुढे चाल. हा नियम आधी लिहून सगळ्यांना पाठवा, कोर्टवर सांगितला की भांडणच. सकाळचे सामने दव वाळल्याशिवाय सुरू करू नका. दुपारी उत्तरेच्या टोकावरून सर्व्हिस करणाऱ्याच्या डोळ्यांत ऊन येतं, म्हणून एक, तीन, पाच अशा विषम गेमनंतर बाजू बदलायचं टाळू देऊ नका.

बूट सपाट तळव्याचे, जॉगिंगचे नकोत, घोटा मुरगळतो. बर्फ, क्रेप बँडेज, मीठ-साखर घातलेलं कोकम कोर्टवर हवंच. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून यावं. अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी नेट, फक्की, खुर्च्या आणि हँडल. हो, परत हँडल. फोनवर विचारू नका, जाऊन बघा.

बक्षिसं, फोटो, पोहे ज्याचे त्याने बघावे. मोसम संपला की तार सैल करा, नेट धुऊन वाळवून उंदीर पोचणार नाहीत असं टांगा, चरखीला ग्रीस लावून प्लास्टिक बांधा, वापरलेले चेंडू शाळेच्या मुलांना द्या आणि हिशेब आठवड्याच्या आत ग्रुपवर टाका.