आईच्या वहीतला तेरावा रिचार्ज

आईच्या हिशेबाच्या वहीत दूध, पेपर, इस्त्री यांच्याखाली ‘मोबाईल’ अशी वर्षातली तेरावी नोंद दिसली. खाली दोन ठसठशीत रेघा. 28 दिवसांच्या प्लॅनची ही गंमत: महिने बारा, पैसे तेरा वेळा!

आई फोनवर फक्त बोलते, तेही कोथरूडच्या घरात बसून वायफायखाली. तरी आम्ही रोजच्या दीड जीबी डेटाचे पैसे भरत होतो. दूरसंचार कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्रायने डिसेंबर 2024 मध्ये कंपन्यांना नुसत्या कॉल-एसएमएसचे प्लॅनही ठेवायला लावले. अ‍ॅपमध्ये ते पार तळाशी सापडले (वर अर्थातच महागडे). आईला वर्षभराचा घेऊन टाकला.

माझ्या नंबरला घरात रेंजच नसायची, बोलायला गॅलरीत जावं लागे. म्हणून नंबर तोच ठेवून कंपनी बदलायचं ठरवलं. इंग्रजीत ‘पोर्ट’ लिहून जागा सोडून नंबर टाकला आणि 1900 वर एसएमएस केला. आठ अक्षरांचा कोड आला. तो आपल्याकडे चारच दिवस चालतो. मी शहाणा पाचव्या दिवशी नव्या कंपनीच्या दुकानात गेलो, हात हलवत परतलो. दुसऱ्यांदा कोड मागवला नि त्याच दिवशी काम उरकलं.

संध्याकाळी जुन्या कंपनीचा फोन, “सर, तुमच्यासाठी खास ऑफर.” इतके दिवस कुठे होती म्हणावं!