इलेक्ट्रिक मोटारसायकल चार्जिंगला लावताना: अमळनेरच्या एका वायरमनचं सांगणं

नवी इलेक्ट्रिक गाडी घेणारा माझ्या दुकानात आला की पहिलं विचारतो, "किती तासांत फुल होते?" मी उलट विचारतो, "दादा, घरात अर्थिंग आहे का?" बावीस वर्षं वायरिंग करतोय. चार्जिंगची बहुतेक दुखणी भिंतीतल्या प्लगपाशीच सुरू होतात.

तासांचा हिशेब सोपा आहे. माझ्या गाडीची बॅटरी 72 व्होल्ट, 45 अँपिअर-अवरची. गुणाकार केला की 3,240 वॅट-अवर, म्हणजे सव्वातीन युनिटच्या आसपास. चार्जर बॅटरीला 10 अँपिअर देतो, म्हणून साडेचार तास. शेवटी शेवटी करंट कमी होत जातो, म्हणून थोडा वेळ वाढतो. चार्जर तापण्यात काही वीज जाते, त्यामुळे मीटरवर साडेतीन ते पावणेचार युनिट पडतात. तुमच्या बिलातल्या दराने गुणा, खर्च कळेल.

घरी लावणं हाच रोजचा मार्ग. भिंतीतल्या प्लगमधून चार्जर चारेक अँपिअरच ओढतो, मग लोक म्हणतात साधा पाच अँपिअरचा प्लग चालेल. पण तो सलग चार-पाच तास ओढतो. पिन जरा सैल असली की तिथेच गरमी धरते. एका गिऱ्हाइकाकडे कूलरचं एक्स्टेंशन बोर्ड वितळून फरशीला चिकटलेलं मी खरवडून काढलंय. म्हणून मीटरपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर, 16 अँपिअरचा पॉवर प्लग, त्याला स्वतःची एमसीबी (लोड वाढला की पडणारा स्विच) आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). अर्ध्या तासाने प्लगच्या टोपणाला हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर तो प्लग बदला.

अर्थिंगचं आपल्याकडे वेगळंच आहे. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो आणि दिवाळीत चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात नावापुरतं उरतं. मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी त्या खड्ड्यात ओता. वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्या, स्वतः तारा हातात धरू नका.

दुसरा शत्रू व्होल्टेज. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या तोंडावर वादळात आमच्या गल्लीतल्या खांबावरचा न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटला. तो तुटला की एका घरात दिवे मंदावतात आणि शेजारच्या घरात 350 च्या वर व्होल्टेज चढू शकतं. माझा चार्जर जळाला, बॅटरी वाचली. तेव्हापासून मी चार्जिंगच्या लाइनवर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर (व्होल्टेज फार चढलं-उतरलं की वीज तोडणारा) बसवतो, गिऱ्हाइकालाही आग्रहाने सांगतो. लाइट गेली तर प्लग काढून ठेवा. परत आल्यावर दहा मिनिटं थांबून मगच लावा.

आता ऊन. पारा 45 च्या वर असताना धुळ्याहून आलो की बॅटरी आतून तापलेली असते. तशीच लावली तर तिचं आयुष्य घटतं. माझी आई अंगणातूनच ओरडते, "गाडी आत्तेच उनी ना, तिले जराखा दम खाऊ दे!" गाडीचा बैल सोडल्यावर त्याला लगेच दुसऱ्या कामाला जुंपत नाहीत, तिचा हिशेब तोच आहे आणि बरोबर आहे. तास-दीड तास सावलीत राहू द्या. पत्र्याच्या शेडखाली दुपारी चार्जिंग नकोच.

मी स्वतः पहाटे साडेचारला लावतो. हवा गार असते, गल्लीतले बरेच एसी-कूलर बंद झालेले असतात, व्होल्टेज स्थिर असतं आणि घरातलं कुणीतरी जागं असतं. रात्री लावून झोपणं मला पटत नाही. जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या दारात तर कधीच लावू नका.

बॅटरी निघणारी असेल तर माडीवर नेता येते, पण ती वीस किलोच्या आसपास भरते. पलंगाजवळ नाही, मोकळ्या फरशीवर ठेवा.

बाहेर चार्ज करायचं असेल तर आधी कनेक्टर जुळतो का ते बघा. चारचाकीची सीसीएस-2 गन (चार्जिंग केबलचं टोक) बहुतेक दुचाकींना बसत नाही. हलक्या वाहनांच्या एका कनेक्टरला 2023 मध्ये भारतीय मानक मिळालं, पण सगळ्या कंपन्या अजून तो वापरत नाहीत. फास्ट चार्जिंग लांबच्या प्रवासापुरतं ठेवा.

शेतपंपाच्या जोडणीवर गाडी लावू नका, ती वीज पंपासाठी दिलेली असते. घरचा इन्व्हर्टरही नको. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-अवरच्या बॅटरीत मुळात 1.8 युनिट असतात. गाडी भरणार नाही आणि पंखाही बंद पडेल.

दुसऱ्याचा चार्जर मागून आणू नका. 72 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या दिसायला सारख्या असतात, पण लिथियमचेही प्रकार आहेत: 20 सेलची एनएमसी 84 व्होल्टला भरते आणि 24 सेलची एलएफपी 87.6 ला. पिन बसली म्हणजे चार्जर जुळला असं नाही.

लग्नसराईत गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार असेल तर लिथियम बॅटरी निम्म्यावर ठेवून जा, फुल करून नको. लेड-ॲसिडची गाडी असेल तर उलट: ती पूर्ण भरूनच ठेवा.